भूकंपानंतरचा हिशेब, भूकंपाआधी

मंडळी, घर मजबूत कसं बांधावं हा इंजिनिअरांचा विषय. मी बोलणार आहे ते पैशांबद्दल. घर पडलं, माणसं वाचली, तिथून पुढचं. आणि सुरुवातीलाच सांगतो, ‘विमा काढलाय का?’ असं मी कुणालाच विचारणार नाही, कारण विमा असलेली माणसंही या वळणावर अडकतात. मला विचारायचंय ते असं : उद्या घर राहण्याजोगं उरलं नाही, तर सगळ्या खर्चातला किती भाग तुमच्या स्वतःच्या अंगावर येईल? हा आकडा आपल्यापैकी फार थोड्यांनी कधी कागदावर मांडलेला असतो.

आधी पॉलिसीत काय नाही ते पाहू. घराचा विमा म्हटला की आपण धरून चालतो की घराचं काहीही झालं तरी पैसे मिळतील. अमेरिकेत घराच्या साध्या पॉलिसीत आग येते, वादळाचा वारा येतो. भूकंप येत नाही आणि पूरही येत नाही. पुरासाठी तिथे १९६८ पासून सरकारी योजना आहे, आणि तिची पॉलिसी एरवी घेतल्यावर ३० दिवसांनी लागू होते. म्हणजे नदी फुगायला लागल्यावर फॉर्म भरणाऱ्याला काही मिळत नाही. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर किनाऱ्यावरच्या घरमालकांचे विमा कंपन्यांशी वर्षानुवर्षं खटले चालले. वाद कशाचा? घर वाऱ्याने पडलं की पाण्याने. घराच्या जागी नुसता चौथरा उरला असेल तर ते सिद्ध करायचं कसं?

आगीची गोष्ट आणखी गमतीची आहे, गंमत म्हणायचं धाडस होत असेल तर. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को जळत राहिलं. पॉलिस्या होत्या आगीच्या, पडझडीच्या नव्हत्या. लोक आपलीच मोडकी घरं पेटवून देत असल्याच्या नोंदी त्या वेळच्या अहवालांत आहेत. आजही भूकंपामुळे लागलेली आग कॅलिफोर्नियात घराच्या साध्या पॉलिसीतून भरून मिळते. जपानमध्ये मात्र साध्या आगविम्यातून मिळत नाही, त्यासाठी भूकंपविमा जोडून घ्यावा लागतो. आग तीच, घर तसंच, फरक कागदाचा. म्हणून घरी गेल्यावर पॉलिसीतलं शेवटचं पान आधी वाचा, जिथे ‘या गोष्टी समाविष्ट नाहीत’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एजंट पहिलं पान वाचून दाखवतो.

आता समजा, भूकंप पॉलिसीत आहे. तरी हिशेब संपत नाही. भूकंपविम्यात डिडक्टिबल, म्हणजे पहिला तोटा आपण सोसायची रक्कम, मोठी असते. कॅलिफोर्नियात ती ५ ते २५ टक्क्यांपर्यंत निवडता येते. आणि ही टक्केवारी नुकसानीवर धरत नाहीत, विमा रकमेवर धरतात. इथे भलेभले चुकतात.

एक उदाहरण मांडू या. घर पुन्हा उभारायला १०० लागतात. हजार म्हणा, लाख म्हणा, तुमचं तुम्ही ठरवा. विमा ८० चा आहे, कारण काही वर्षांपूर्वी काढला आणि नंतर रक्कम वाढवली नाही. डिडक्टिबल १५ टक्के, म्हणजे १२. घर पूर्ण गेलं तर हातात येतात ६८. पण मोठ्या आपत्तीनंतर सगळ्या गावाला एकाच वेळी गवंडी, सिमेंट, लोखंड हवं असतं, त्यामुळे भाव चढतात. तो खर्च १२० झाला असं धरा. तुमच्या अंगावर ५२. विमा असूनही.

उलट बाजू बघा. भिंतींना तडे गेले, धुराडं पडलं, नुकसान १० चं. मिळतील शून्य. नुकसान २५ चं झालं तर? गरजेपेक्षा कमी रकमेचा विमा असेल तर काही पॉलिस्यांत भरपाई त्याच प्रमाणात कापतात. २५ चे आधी २० होतात, मग त्यातून १२ वजा. हातात ८. हे वाचून लोक चिडतात, कंपनीने फसवलं म्हणतात. बहुतेक वेळा फसवलेलं नसतं. सगळं लिहिलेलं असतं.

विमा रक्कम किती असावी, यासाठी न्यूझीलंडकडे बघण्यासारखं आहे. तिथे १९४५ पासून सरकारी आयोग आहे. घराचा खाजगी आगविमा घेतला की त्याच्या हप्त्यासोबत आयोगाची वर्गणी आपोआप जाते, त्यामुळे विमाधारकांचं प्रमाण मोठं. २०१० च्या सप्टेंबरात आणि पुन्हा २०११ च्या फेब्रुवारीत क्राइस्टचर्च हादरलं. तोवर तिथल्या बहुतेक पॉलिस्यांत ‘घर जसं होतं तसं बांधून देऊ’ असं वचन होतं. त्या भूकंपांनंतर कंपन्यांनी पद्धत बदलली : रक्कम घरमालकानेच ठरवायची, तीच कमाल मर्यादा. म्हणजे अंदाज चुकला तर भुर्दंड कुणाला, ते उघड आहे. आणि इथे बाजारभाव उपयोगाचा नाही. घराच्या किमतीत जमीन धरलेली असते, विमा बांधकामाचा असतो. याउलट मोडतोड हलवणं, नवे आराखडे, परवाने, नव्या नियमांनुसार करावं लागणारं जादा काम, हे बाजारभावात कुठेच दिसत नाही. दर दोन-तीन वर्षांनी बांधकामाचा दर विचारून ही रक्कम ताजी करायची, एवढं तरी करा.

जपानने तर हे सरळ मान्यच करून टाकलंय. १९६४ च्या निइगाता भूकंपानंतर १९६६ मध्ये तिथे कायदा झाला. भूकंपविमा आगविम्याच्या रकमेच्या ३० ते ५० टक्केच मिळतो. हेतू घर बांधून देण्याचा नाहीच, माणसाला पुन्हा उभं राहायला हातभार लावण्याचा आहे. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते. निम्मं आपलं आपण बघायचं, हे आधीच माहीत असतं.

कर्जाचं एक. घर पडलं म्हणून कर्ज पडत नाही. १७ जानेवारी १९९५ ला कोबे हादरलं, आणि नंतर तिथे दुहेरी कर्ज हा मोठा प्रश्न झाला : नसलेल्या घराचे हप्ते चालू आणि नव्या घराचे वेगळे. बँकेने कर्ज देताना विमा काढायला लावला असेल, तर तो पूर्ण बांधकामाचा आहे की फक्त थकबाकीपुरता, हे विचारून घ्या. दुसऱ्या प्रकारच्या विम्यात पैसे आधी बँकेकडे जातात आणि कदाचित तिथेच संपतात.

कुणी म्हणेल, आमच्या भागात भूकंप होत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारी देशाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसललाही १९८९ पर्यंत असंच वाटत असणार. यापेक्षा जास्त त्यावर बोलत नाही.

बचतीबद्दल थोडक्यात. आकस्मिक खर्चाचे पैसे दोन ठिकाणी हवेत : थोडी रोख घरात, कारण वीज गेली की एटीएम आणि मोबाइलवरचे व्यवहार दोन्ही बंद; आणि बाकी रक्कम लगेच मोडता येईल अशा ठेवीत. किमान डिडक्टिबलएवढी आणि काही महिन्यांच्या भाड्याएवढी. भाड्याचा खर्च पॉलिसी देते का, किती महिने देते, तेही बघा. दुरुस्ती वर्षांवर जाते, भाडं महिन्यांवर संपतं. मोबाइलवर प्रत्येक खोलीचं, प्रत्येक कपाटाचं चित्रण करून ते घराबाहेर कुठेतरी साठवा. घरात काय काय होतं हे ढिगाऱ्यासमोर उभं राहून आठवत नाही.

प्रश्नोत्तरांत एकांनी विचारलं, एवढं सगळं झालं तर सरकार देईलच ना? देतं, पण किती आणि केव्हा यावर तुमचा ताबा नसतो. क्राइस्टचर्चमध्ये जमीनच खचलेल्या भागातली घरं सरकारने विकत घेतली. विमा नसलेल्यांना मात्र जमिनीच्या सरकारी मूल्याच्या निम्मी रक्कम देऊ केली, घराचं काहीच नाही. लोक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो २०१५ मध्ये.

दुसरा प्रश्न एका बाईंचा होता : हप्ताच परवडत नसेल तर? हा खरा प्रश्न आहे. भूकंपविमा महाग असतो त्याला कारण आहे. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपापूर्वीच्या २५ वर्षांत कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांनी भूकंपाच्या हप्त्यांतून सुमारे ३४० कोटी डॉलर गोळा केले होते, आणि त्या एका पहाटेने १२०० कोटींहून जास्त नेले. त्यानंतर बऱ्याच कंपन्या घराचा विमाच विकेनात, म्हणून १९९६ मध्ये राज्याला वेगळं प्राधिकरण काढावं लागलं. तेव्हा हप्ता जड वाटत असेल तर डिडक्टिबल वाढवा. तडे, फुटलेल्या फरश्या आपण भरू. विमा फक्त घर पूर्ण जाण्यासाठी ठेवू. वाचलेल्या हप्त्यातून घर बळकट करून घ्या. कॅलिफोर्नियात जुनी लाकडी घरं पायाला बोल्टने जखडायला अनुदान मिळतं, जपानमध्ये भूकंपरोधक घराला हप्त्यात निम्म्यापर्यंत सूट आहे. आणि तेही जमत नसेल, तर या वर्षी पाण्याची टाकी, गिझर आणि उंच कपाटं भिंतीला जखडून घ्या. त्याला खर्च फार येत नाही, आणि लहान धक्क्यात होणारं बरंचसं नुकसान याच वस्तू पडून होतं. ते नुकसान डिडक्टिबलच्या आतलं असतं, म्हणजे तसंही तुमच्याच खिशातून जाणारं.