तेल किती सेकंदांचं?

(बर्नर तंत्रज्ञ आणि बॉयलर अटेंडंट यांच्या मेळाव्यातलं व्याख्यान, बोललेलं जवळपास तसंच ठेवलं आहे.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'जळणाच्या तेलाचे गुणधर्म आणि प्रती', प्रती म्हणजे ग्रेड. मला चाळीस मिनिटं दिली आहेत, त्यातली दहा सत्कारात गेली. नारळ आणि शाल मिळाली, तक्रार नाही.

टेबलावर तीन बाटल्या ठेवल्यात. पहिलीत डिझेल आहे, दुसरीत फर्नेस ऑइल, म्हणजे बॉयलर-भट्टीत जाळायचं जड, काळं तेल. तिसरीत काय आहे ते शेवटी सांगतो. तोवर एवढंच बघा, मी ती उलटी धरतो... काही सांडलं का? नाही. झाकण लावलेलं नाही, बरं का. (हशा)

तेल कोणतं म्हणून विचारलं की तुम्ही म्हणता 'एफओ', म्हणजे फर्नेस ऑइल. माझं म्हणणं इतकंच आहे, की हे नाव म्हणजे आडनाव झालं. पाटील म्हटल्यावर कोणता पाटील ते कळतं का? तेलाचं नाव विचारू नका, ते किती सेकंदांचं आहे ते विचारा.

सेकंद म्हणजे काय, तर रेडवूडचे सेकंद. बॉव्हर्टन रेडवूड नावाचा एक इंग्रज पेट्रोलियमतज्ज्ञ होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानं पितळेचा एक कप केला, बुडाला बारीक भोक. ठरलेल्या तापमानाला 50 मिलिलिटर तेल त्या भोकातून खाली यायला जितके सेकंद लागतील, तितक्या सेकंदांचं ते तेल. विलायतेत आजही घर गरम करणाऱ्या बर्नरवाल्याला विचारा, तो रॉकेलला '28 सेकंद' म्हणतो आणि गॅस ऑइलला, म्हणजे डिझेलसारख्या तेलाला, '35 सेकंद'. अमेरिकेत नंबर चालतात. घरात 2 नंबर, आणि जहाजात, मोठ्या बॉयलरात 6 नंबर. आपल्याकडे दाटपणाचं माप सेंटिस्टोक, तेही 50 अंशांवर. पुस्तकात याला श्यानता म्हणतात. हा शब्द मी एकदा मुलाच्या तोंडी परीक्षेत ऐकला, त्यानंतर आजच. आपण व्हिस्कॉसिटी म्हणू, नाहीतर दाटपणा.

यावर माझा एक जुना राग आहे. तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, संयोजकांनी माफ करावं.

इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, तासाला तीन टन वाफ देणारा बॉयलर होता, त्याला प्रेशर जेट बर्नर, म्हणजे दाबानं नोझलमधून तेलाचा फवारा मारणारा. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, नोझलची डबी खिशात घेऊन हिंडणारा, स्वतःला फार शहाणा समजणारा. जानेवारीचे दिवस. पहाटे पाचला माणूस दारात हजर, "धूर निघतोय, चला." गेलो. चिमणीतून म्हशीच्या रंगाचा धूर! शेजारच्या आळीतल्या दोन बायका गेटवर उभ्या, हातात काजळी पडलेली धोतरं. माझा काही संबंध नसताना पहिल्या शिव्या मी खाल्ल्या.

बर्नर उघडला. नोझलभोवतीच्या हवा फिरवणाऱ्या चकतीवर, डिफ्यूझरवर, कोळशाचा थर, नोझलच्या तोंडाशी मिशा फुटल्यासारखा कार्बन. साफ केलं, नवीन नोझल टाकला, पेटवला. परत धूर. दुसरा टाकला. परत धूर. मग हवा वाढवली, हवेची झडप म्हणजे डॅम्पर जवळजवळ पूर्ण उघडला. धूर कमी झाला, पण ज्योत नोझल सोडून पुढे पळाली. ज्योत बघणाऱ्या फोटोसेलला काही दिसेना, बर्नर लॉकआउट, म्हणजे आपोआप बंद. रीसेट मारा, पेटवा, लॉकआउट. तोवर नऊ वाजले होते. रंगाच्या यंत्रावर, जिगरवर, कापड थांबलेलं, रंग उतरायला लागलेला. मालक येऊन म्हणाले, "पाव्हणं, येतं का न्हाई तुम्हाला? का दुसरा बोलवू?" मी तिसरा नोझल टाकला.

बॉयलरवर एक म्हातारे अटेंडंट होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते सकाळपासून एकच वाक्य बोलत होते, "आरं, त्याल घट्ट आलंया. डिपरॉडवरनं उतरंनाच झालंय." मी ऐकून सोडून देत होतो. मामा पाचवी शिकलेले, मी आयटीआय. चार तासांनंतर माझ्या डोक्यात ते वाक्य शिरलं. मामांसोबत टाकीवर चढलो. टाकीतलं तेल मोजायची पट्टी, तो डिपरॉड, वर ओढला. रोजचं तेल पितळी पट्टीवरून ओघळून जायचं, आकडा स्वच्छ दिसायचा. आज पट्टीला काकवीसारखं चिकटून बसलेलं, बोटानं पुसल्याशिवाय आकडा दिसेना. आदल्या रात्री नवा टँकर उतरला होता.

शेजारी यंत्रांना रंग मारणारा एक जण होता. त्याच्याकडून फोर्ड कप नंबर चार मागून आणला, रंगाचा दाटपणा बघायचा असतो तो. स्टीलच्या तांब्यात तेल, तांब्या गरम पाण्याच्या बादलीत, आत थर्मामीटर. 50 अंश झाल्यावर कपात ओतलं, भोकावरचं बोट काढलं, घड्याळ धरलं. बर्नरच्या पाटीवर लिहिलं होतं 1500 सेकंद, रेडवूड, 100 फॅरनहाइटला. म्हणजे आपल्या हिशेबात 50 अंशांवर 180 सेंटिस्टोक. असलं तेल फोर्ड कपातून पन्नासेक सेकंदांत रिकामं व्हायला हवं. त्या दिवशी धार तुटली चौऱ्याण्णव सेकंदांना. म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. कागदावर दोन्ही तेलं फर्नेस ऑइल.

नोझलला तेलाचं नाव कळत नाही, त्याला दाटपणा कळतो. प्रेशर जेटला तोंडाशी साधारण 15 सेंटिस्टोक लागतं. 180 चं तेल तिथवर यायला 115 अंशांच्या आसपास तापवावं लागतं, 370 चं असेल तर त्याहून पंधराएक अंश जास्त. आमचा तेल तापवायचा हीटर 115 वर लावलेला. त्यामुळे थेंब जाड, फवाऱ्याचा शंकू आखडलेला, थेंब पुरता जळायच्या आत मागच्या भिंतीला. थर्मोस्टॅट वर नेला, हवा परत जागेवर आणली. पंधरा मिनिटांत चिमणी स्वच्छ.

आता राग कसला ते ऐका. बिल गेल्यावर ऑफिसनं त्यातून तीन नोझलचे पैसे कापले. शेरा होता 'बर्नरमधील बिघाड'. खरेदीवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "आम्ही फर्नेस ऑइलच मागवलं, फर्नेस ऑइलच आलं. स्वस्त मिळालं." ते काही खोटं बोलत नव्हते, मंडळी. मामांना मात्र मी चहा पाजला.

(इथे संयोजकांनी चिठ्ठी दिली.) वडे तळून झालेत म्हणे. दहा मिनिटं. बरं, मग मूळ विषय पळवतो.

आपलं भारतीय मानक 1593. त्यात फर्नेस ऑइलच्या चार प्रती आहेत, आणि त्या दाटपणावरच आहेत, 50 अंशांवर. एलव्ही 80 सेंटिस्टोकपर्यंत, एमव्ही1 125 पर्यंत, एमव्ही2 180 पर्यंत, एचव्ही 370 पर्यंत. बाजारात मुख्यतः एमव्ही2 मिळतं. माझ्या गोष्टीतलं तेल एचव्हीच्या घरातलं. चलनावर प्रत लिहून घ्या, नुसतं एफओ नको.

फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीनं पेट घेते ते, किमान 66. हा आकडा ध्यानात ठेवायला सोपा आहे. कायद्यानं 65 ते 93 मधलं तेल क वर्गात, त्याखालचं ब वर्गात, फर्नेस ऑइल त्या रेषेच्या एक अंश पलीकडे. हीटरमध्ये आपण 66 च्या कितीतरी वर नेतो, पण तिथं तेल बंद आणि दाबाखाली असतं. उघड्या बादलीत तापवून 'पातळ झालं का' म्हणून बघणाऱ्यांनी हात वर करा... जाऊ दे, नका करू.

मालक पहिल्यांदा विचारतात ती कॅलरी. तिच्यात फारसं काही नाही. फर्नेस ऑइल किलोला 10,500 किलोकॅलरी, एलडीओ म्हणजे लाइट डिझेल ऑइल 10,700. भांडायचं तर तापमानावर भांडा. गरम तेल फुगतं, अंशाला हजारात पाऊण भाग. लिटरात मोजून 20,000 लिटर 60 अंशांवर घेतलंत आणि टाकीत ते 30 वर आलं, की 400 च्या वर लिटर कागदावरच राहतात.

पाणी एक टक्क्यापर्यंत चालतं असं मानक म्हणतं. पण तेलाची घनता पाण्याच्या इतकी जवळ असते, की पाणी लवकर खाली बसत नाही. तापलेल्या हीटरमध्ये ते पोहोचलं की वाफ, ज्योत फट् फट् करते, फोटोसेल घाबरतो. टँकर उतरल्यावर टाकीला रात्रभर शांत ठेवा, सकाळी खालचा ड्रेन उघडा, डिपरॉडला पाणी दाखवणारी पेस्ट लावा.

गंधक. एमव्ही2 मध्ये चार टक्क्यांपर्यंत. हजार किलो तेलात चाळीस किलो गंधक, त्याचा ऐंशी किलो सल्फर डायऑक्साइड. त्यातला थोडा पुढे जाऊन पाण्याशी मिळतो आणि सल्फ्युरिक आम्ल होतं. म्हणून चिमणीचं तापमान वाचवायच्या नादात फार खाली आणू नका, चिमणीच्या उष्णतेवर पाणी तापवणाऱ्या इकॉनॉमायझरच्या नळ्या चाळण होतील. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थानात हे तेल बंद केलं, ते याच धुरापायी. डिझेलचं म्हणाल तर 2020 पासून दहा लाखात दहा भाग गंधक. पहिल्या बाटलीचा भाव त्यामुळेच तसा आहे, हे काही खरं कारण नाही, पण सांगायला बरं पडतं. (हशा)

व्हॅनेडियम आणि सोडियम राखेत असतात, दोन्ही मिळून गरम नळ्यांवर वितळतात आणि धातू खातात. सुपरहीटर, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्या, असलेल्यांनी मला वड्याच्या वेळी गाठा.

तिसरी बाटली. ते एलएसएचएस, म्हणजे लो सल्फर हेवी स्टॉक, कमी गंधकाचं जड तेल. मुंबई हायसारख्या आपल्या देशी कच्च्या तेलाचा तळाचा गाळ. गंधक अर्ध्या-एक टक्क्याच्या आसपास, पण मेण इतकं, की ओघळायला 72 अंश लागतात. टाकीपासून बर्नरपर्यंत सगळी लाइन वाफेच्या नळीनं गुंडाळलेली ठेवावी लागते. वाफ गेली, की लाइनमध्ये मेणबत्ती. आणि वाफ करायला पेटवायचं तेल हेच! म्हणून अशा ठिकाणी सुरुवातीला एलडीओ ठेवतात, ती छोटी टाकी कधी रिकामी होऊ देऊ नका.

बाटल्या इथेच आहेत, जवळून बघा. तिसरी हातात घ्यायला हरकत नाही, पण खिडकीत उन्हात ठेवू नका. गेल्या वर्षी दुसरीला कोणीतरी झाकण न लावता पिशवीत घातलं होतं, ती पिशवी अजून माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे.