आधी माती तपासा, मग पाया खणा

मित्रहो, सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. तिला आपण आजही जुनी मिलच म्हणतो. पाठोपाठ नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी आणि विष्णू आल्या. भोंग्यावर दिवस उगवणारं आणि मावळणारं हे गाव. गिरण्या बंद पडल्या, साचे, म्हणजे माग, भंगारात गेले. जमीन मात्र जागेवरच राहिली आणि तिचा भाव चढत गेला. अशा जागांवर घरं, शाळा, दवाखाने जरूर व्हावेत. पण त्याआधी माती तपासा, आणि ती तपासणी सरकारी पैशातून करा, एवढीच माझी मागणी आहे.

कापड गिरणीत काय काय वापरलं जायचं, आठवून बघा. डाइंग खात्यात गंधकाचे रंग, रंग पक्का करायला क्रोमियमचे क्षार, शिवाय कॉस्टिक सोडा आणि ब्लीचिंग पावडर. बॉयलरखाली कोळसा, त्याच्या राखेत आर्सेनिक, शिसं असू शकतं. वाफेच्या पाइपांना ॲस्बेस्टॉसचं वेष्टण. शिसं, क्रोमियम हे धातू कुजत नाहीत, विरत नाहीत. सोलापुरातली अमुक जमीन दूषित आहे, असा आरोप मी करत नाही. तपासल्याशिवाय हो म्हणता येत नाही, तसं नाहीही म्हणता येत नाही. जत्रेच्या बाजारात बैल घेताना आपण दात बघतो. जमिनीच्या बाबतीत मात्र सातबारा बघून थांबतो.

आपल्याकडे धोका आणखी एका वाटेनं येतो. काळ्या मातीखाली बेसाल्टचा खडक आहे आणि पाणी त्याच्या भेगांतून वाहतं. ते कुठून कुठे जाईल, वरून कळत नाही. उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, म्हणून गल्लोगल्ली बोअर आहेत. तेव्हा गिरणीच्या कुंपणाबाहेरच्या बोअरचं पाणीही तपासायला हवं.

तपासणीचे दोन टप्पे असतात. दुसऱ्या टप्प्यात भोकं पाडून माती आणि पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. खरा खर्च तिथे आहे. पहिल्या टप्प्यात मातीला हातही लावायचा नसतो. जुने नकाशे काढायचे, जागा पायी फिरून बघायची आणि तिथे राबलेल्या माणसांना बोलतं करायचं. रंगाचं पाणी कोणत्या गटारातून जायचं, राख कुठे पडायची, तेलाची पिंपं कुठे ठेवायचे, हे नकाशात सापडत नाही. ते निवृत्त कामगाराला ठाऊक असतं. त्यानं बोट दाखवलं, तर नेमक्या जागी भोक पाडता येतं आणि पैसाही वाचतो. ही माणसं आता थकली आहेत. त्यांच्याकडे आज कुणी गेलं नाही, तर ही माहिती त्यांच्याबरोबरच जाईल, आणि याची मला खरी काळजी वाटते.

अमेरिकेत १९८० च्या सुपरफंड कायद्यानं प्रदूषणाची जबाबदारी कडक केली. त्या भीतीनं लोक जुन्या कारखान्यांच्या जागा घेईनात, बँका कर्ज देईनात, जागा ओस पडल्या. मग १९९३ मध्ये ओहायोतल्या कायहोगा काउंटीला, म्हणजे क्लीव्हलंडच्या परिसराला, अशा जागांसाठी पहिलं अनुदान मिळालं. २००२ मध्ये या अनुदान योजनेला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात त्यासाठी दीड अब्ज डॉलर ठेवले गेले.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित स्थळांचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी करायची आहे, त्यानंतर ९० दिवसांत प्राथमिक तपासणी. सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा. नियम चांगले आहेत. पण यादीत नावच आलं नाही तर पुढचं काहीच हलत नाही.

काही जण विचारतात, जमीनमालकानं का खर्च करू नये? सफाईचा खर्च त्यानं जरूर करावा. तपासणीचं मात्र वेगळं आहे. दोष सापडला तर ज्याच्या जमिनीचा भाव पडणार, त्याच्याच पैशानं केलेल्या अहवालावर शेजारच्या चाळीतली बाई विश्वास कसा ठेवील? नमुने कुठून घ्यायचे हे पालिकेनं ठरवावं आणि अहवाल मराठीत लोकांपुढे ठेवावा. पुढे बांधकाम परवानगी देताना हा खर्च वसूल करण्याची तरतूद करता येईल. त्यासाठी महापालिकेच्या येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं. जिल्ह्याच्या यादीत गिरण्यांची आवारं आणि बंद पडलेली प्रोसेस हाऊस, म्हणजे कापड-सुताच्या रंगाई-धुलाईचे कारखाने, दोन्ही यावीत. आणि निवृत्त कामगारांच्या जबान्या घ्यायला तर अर्थसंकल्पाचीही वाट बघायला नको. आपल्या महाविद्यालयांतली मुलं हे काम याच महिन्यात सुरू करू शकतात.