कशावरून?

श्रोतेहो, नमस्कार.

मी सव्वीस वर्षं उरणजवळच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लाँचनं नोकरीला गेले. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंगच्या कचेरीत मी कारकून होते. प्रवास साधारण पाऊण तासाचा. पहिली दोन वर्षं मी खिडकीशी बसून डुलक्या काढल्या. मग एके दिवशी इंजिनाच्या खोलीलगतच्या फळीवर खडूनं लिहिलेलं एक वाक्य दिसलं आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली ती कायमची.

फळीवर लिहिलं होतं : ‘आज षष्ठी. भरती किती वाजता?’

लिहिणारे होते आमचे सारंगकाका. जन्मभर मालवाहू जहाजांवर काढून निवृत्त झालेले, मुलीकडे मुंबईला नेहमी जाणारे. रोज एक प्रश्न लिहायचा आणि पलीकडचा धक्का लागेपर्यंत सगळ्यांनी त्यावर बोलायचं, असा त्यांनी पाडलेला रिवाज. त्यात एक शाळामास्तर होते, टोपल्या घेऊन चढणाऱ्या मावशी होत्या, बँकेतले एक गृहस्थ, कॉलेजला जाणारी दोनतीन मुलं आणि त्या दिवसापासून मी.

त्या षष्ठीच्या प्रश्नाचं उत्तर मावशींनी बसल्याजागी दिलं. साडेचार. किनाऱ्यावर वाढलेल्या श्रोत्यांना हा हिशेब ठाऊक असेल : तिथीची पाऊणपट करायची. सहा गुणिले पाऊण, साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला पूर्ण भरती, त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. साडेनवाच्या आमच्या लाँचला सुकतीचं, म्हणजे ओसरतं पाणी मिळणार, मोऱ्याच्या धक्क्याशी गाळ आहे, तेव्हा लाँच चालवणारा तांडेल ती जपून काढणार. आमच्यासाठी हे सामान्यज्ञान नव्हतं, कचेरीत लाल शेरा पडणार की नाही याचा तो सवाल होता.

मी टाळी वाजवणार इतक्यात सारंगकाका मावशींकडे वळून म्हणाले, “कशावरून?”

हा एक शब्द आमच्या मंडळाचा कायदा होता. उत्तर बरोबर आलं तरी ते अर्धंच धरलं जायचं. कशावरून, हे सांगितलं की पूर्ण. मावशी म्हणाल्या, आमची आजी असंच मोजायची. काका म्हणाले, आजी बरोबरच आहे, पण आजीला कोणी सांगितलं?

तो प्रश्न तीन दिवस चालला. शेवटी मास्तरांनी उकल केली. चंद्र रोज उशिरा उगवतो, आणि भरती चंद्राच्या मागे जाते. एका अमावस्येपासून पुढच्या अमावस्येपर्यंत तीस तिथी, आणि तेवढ्या काळात चंद्र सूर्याच्या मानानं बरोबर एक दिवस, म्हणजे चोवीस तास मागे पडतो. चोवीस तास भागिले तीस तिथी, दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. जुन्या माणसांनी तोंडी गुणाकार सोपा व्हावा म्हणून तीन मिनिटं सोडून दिली. पण ती तीन मिनिटं साठत जातात. प्रतिपदेला फरक जाणवत नाही, पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस मिनिटांची चूक होते. पाऊणपटीनं सव्वाअकरा येतात, खरी भरती बाराच्या आसपास. मावशी हे ऐकून म्हणाल्या, “म्हणूनच पुनवेला आम्ही थोडं थांबून जातो.” कागदावरचं गणित आणि त्यांचं थांबणं यांची गाठ त्या क्षणी पडली. मला आजही तो क्षण लख्ख आठवतो. अंगावर काटा आला होता.

आता तुम्ही म्हणाल, रोजचा एक प्रश्न, त्यात एवढं काय? त्यात असं होतं, की आमच्या प्रश्नांची उत्तरं खिडकीबाहेर होती. मुंबई बंदरात नांगर टाकून उभी असलेली जहाजं आमच्या दोन्ही बाजूंनी जायची. त्यांच्या अंगावर काय काय लिहिलेलं असतं, ते मी तोवर पाहिलंच नव्हतं. एका जहाजाच्या मागच्या बाजूला ‘मनरोव्हिया’ लिहिलेलं. फळीवर प्रश्न : हे जहाज लायबेरियाचं का? मालक ग्रीक असू शकतो, कप्तान केरळचा, खलाशी फिलिपिन्सचे. नोंदणीचा कर आणि नियम सोयीचे म्हणून झेंडा तिथला. दुसऱ्या दिवशी : तळाकडचा भाग बहुतेक लाल का? शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून त्या रंगात तांब्याचं संयुग घालत आले आहेत, ते मुळात लाल असतं, आणि रिवाज टिकून राहिला.

पण माझा सगळ्यात आवडता प्रश्न जहाजाच्या मध्यावरच्या खुणेचा. तुम्ही गेटवेला किंवा भाऊच्या धक्क्याला गेलात तर जरूर बघा. जहाजाच्या कुशीवर, मधोमध, एक वर्तुळ असतं आणि त्यातून आरपार गेलेली आडवी रेघ. शेजारी शिडीसारख्या आणखी रेघा आणि प्रत्येकीला अक्षर. ही प्लिम्सॉलची खूण. सॅम्युअल प्लिम्सॉल हे ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद. त्या काळी मालक लोभापायी जहाज इतकं भरायचे की ते बुडायचं. विम्याचे पैसे मालकाला मिळायचे आणि खलाशांची बायकापोरं उघड्यावर पडायची. त्याविरुद्ध प्लिम्सॉल वर्षानुवर्षं भांडले, भर सभागृहात त्यांचा तोल सुटला, आणि १८७६ साली ही खूण रंगवणं कायद्यानं सक्तीचं झालं. ती नेमकी किती उंचीवर काढायची हे मात्र बरीच वर्षं मालकाच्याच हातात होतं. ते कायद्यानं ठरायला १८९० उजाडलं.

आणि अक्षरं? टी म्हणजे उष्ण कटिबंधातलं पाणी, एस उन्हाळ्याचं, डब्ल्यू हिवाळ्याचं, एफ गोड्या पाण्याचं. सगळ्यात खालची रेघ उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्याची, कारण तिथल्या वादळांत जहाज जास्त उंच तरंगायला हवं. गोड्या पाण्याची रेघ वर का? मास्तरांनी हा प्रश्न उरणच्या मिठागरावरच सोडवला. गोड्या पाण्यात अंडं तळाला बसतं, खाऱ्या पाण्यात तरंगतं. नदीच्या बंदरात भरलेलं जहाज समुद्रात आलं की आपोआप थोडं वर उचललं जातं. वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना असतात नोंदणी संस्थेची अक्षरं. आपल्या इंडियन रजिस्टरची अक्षरं आय आर. ती पहिल्यांदा मी वाचली तेव्हा शेजारच्या बाईंना हलवून दाखवली. एका रेघेमुळे किती घरांत माणसं परत आली असतील, हे मनात येतं आणि त्या वर्तुळावरची नजर हलत नाही.

वेगाच्या प्रश्नाला तर आम्ही लाँचवर प्रयोगच केला. कॉलेजच्या एका मुलीनं फळीवर लिहिलं : नॉट म्हणजे गाठ, मग वेग गाठीत का मोजतात? काकांनी सांगितलं, जुन्या काळी दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो मागे पाण्यात टाकत. दोरीला सत्तेचाळीस फूट तीन इंचांवर एकेक गाठ. अठ्ठावीस सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि तेवढ्यात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचं. सात गाठी, तर सात सागरी मैल तासाला. सागरी मैल १८५२ मीटरचा, अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा. त्या लाकडाला लॉग म्हणत, म्हणून ज्या वहीत वेग टिपला तिचं नाव लॉगबुक.

दोरी आमच्याकडे नव्हती. तांडेलानं नाळेवरच्या, म्हणजे लाँचच्या पुढच्या टोकावरच्या हारातलं झेंडूचं एक फूल काढून दिलं. लाँचची लांबी आम्ही पावलांनी मोजली, सुमारे पंधरा मीटर. पुढून फूल टाकलं आणि ते सुकाणूपाशी पोचेपर्यंत सगळे मोठ्यानं मोजू लागले. चार सेकंद. मास्तरांनी पाठकोऱ्या कागदावर गणित केलं : सात नॉटच्या थोडं वर. मग तीच मुलगी म्हणाली, पण काका, फूल पण पाण्याबरोबर वाहतंय. खरं होतं. फुलानं सांगितला तो पाण्यातला वेग. जमिनीच्या हिशेबानं आपण किती पुढे गेलो, ते सुकती आपल्याला ओढते आहे की अडवते आहे त्यावर. म्हणून तोच प्रवास एखाद्या दिवशी पाच मिनिटं कमीजास्त. त्या मुलीनं पुढे नौकानयनाचंच शिक्षण घेतलं.

आम्ही चुकलोही, आणि एका चुकीनं आम्हाला फार शिकवलं. बँकेतल्या गृहस्थांनी अभिमानानं विचारलं होतं : मुंबईत बांधलेल्या कोणत्या जहाजावर अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिलं गेलं? उत्तर होतं मिंडेन. वाडियांच्या देखरेखीखाली, १८१० साली इथल्या गोदीतून पाण्यात उतरलेली युद्धनौका. सगळ्यांच्या छात्या फुगल्या. काका म्हणाले, “कशावरून?” गृहस्थ म्हणाले, सगळीकडे असंच छापलंय. मग शोध सुरू झाला. रविवार ग्रंथालयात गेले. निघालं ते असं, की फ्रान्सिस स्कॉट की यांनी १८१४ च्या सप्टेंबरात बॉल्टिमोरवरचा तोफांचा मारा पाहिला तो शांततेचं निशाण लावलेल्या एका अमेरिकन जहाजावरून, ब्रिटिश युद्धनौकेवरून नव्हे. मिंडेनचा मानाचा तुरा गळाला.

फार वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच शोधात हाती लागलं ते बावनकशी होतं. मुंबईत बांधलेल्या कॉर्नवॉलिस जहाजावर १८४२ साली नानकिंगचा तह झाला, ज्यानं हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं. आणि १८१७ साली इथेच सागवानातून घडवलेली ट्रिंकोमाली ही नौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षांहून जास्त. ज्या सुतारांनी ती घडवली त्यांना ऐकीव मोठेपणाची गरजच नव्हती. त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी फळीवर स्वतः लिहिलं : ‘मिंडेन चूक. ट्रिंकोमाली बरोबर.’ त्यांच्याबद्दल मला तेव्हापासून जो आदर वाटला तो आजही आहे.

एक दिवस मात्र फळी लवकर पुसली गेली. जुलै महिना होता, आभाळ भरलेलं. एका मुलानं लिहिलं : ‘रामदास बोट कोणत्या साली बुडाली?’ कोणीतरी म्हणालं, १७ जुलै १९४७. उत्तर बरोबर होतं. मावशी टोपलीवर हात ठेवून गप्प बसल्या होत्या. त्यांचं माहेर रेवसकडचं. थोड्या वेळानं म्हणाल्या, “त्या दिवशी माझा आजा होडी घेऊन गेला होता. माणसं वर घ्यायला.”

मग त्या दिवशी काकांनी सांगितलं आणि आम्ही ऐकलं. आषाढ अमावस्येच्या सुमारास सणाला घरी निघालेली माणसं, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट, तासाभराच्या आत काशाच्या खडकाजवळ तुफानी लाटा, घाबरून एका बाजूला धावलेले उतारू, आणि कलंडलेली बोट. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. आपण बुडतो आहोत हे धक्क्याला कळवायला साधनच नव्हतं. मुंबईला खबर पोचेपर्यंत दुपार उलटून गेली. तोवर जी माणसं वाचली ती कोळ्यांच्या होड्यांमुळे.

त्यानंतरच्या आठवड्यात फळीवर एसओएसचा प्रश्न आला. अनेकांना वाटतं की ती ‘आमचे जीव वाचवा’ अशा इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. तसं नाही. १९०६ च्या बर्लिनच्या परिषदेत ती खूण ठरली ती केवळ ऐकायला ओळखू यावी म्हणून : तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड. वादळात, खरखरीत, थकलेल्या कानालाही चुकू नये अशी. मुलानं विचारलं, म्हणजे रामदासवर तेवढं यंत्र असतं तर? काकांनी उत्तर दिलं नाही. मावशी म्हणाल्या, “आज्याला लवकर कळलं असतं.”

तेव्हापासून आमच्याकडे दुर्घटनेचं साल विचारायचं नाही, असं ठरलं. विचारायचंच तर ‘का’ विचारायचं आणि काय बदललं ते विचारायचं.

मी निवृत्त झाले त्याला आता चार वर्षं झाली. सगळ्यांच्या हातात फोन आले आहेत, उत्तर दोन सेकंदांत मिळतं. फळीवर मात्र अजून खडूनं लिहिलं जातं, आणि फोन पिशवीत ठेवायचा, पलीकडचा धक्का लागला की काढायचा, हा नियम अजून पाळतात असं मावशी सांगतात. काका गेले. खडू आता मावशींच्या कमरेच्या बटव्यात असतो.

परवा मी मुंबईला जायला लाँचवर चढले तेव्हा त्यांनी लिहिलेला प्रश्न होता, तोच आज तुमच्यासाठी आणला आहे. बंदरात दहा जहाजं प्रत्येकी एकेका नांगरावर उभी आहेत. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. दुपारी परत येताना पाहावं तर तीच दहाच्या दहा जहाजं उलट्या दिशेला तोंड करून उभी. कोणीही इंजिन चालू केलेलं नाही, नांगर उचललेला नाही, वाराही बदललेला नाही. ती कोणी फिरवली? आणि सकाळी त्यांची तोंडं आत खाडीकडे असतील, तर लाँचला मोऱ्याला गाळ लागणार की भरपूर पाणी मिळणार?

उत्तर पोस्टकार्डावर कळवा. आणि खाली एक ओळ सोडून, कशावरून, तेही लिहा.

नमस्कार.