नाळेवरचा नंबर

(मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी. धक्क्याला लागलेल्या नौका. कॅमेरा एकेका नाळेवरून, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावरून, सावकाश सरकतो.)

निवेदन :

आयएनडी. एमएच. मग एक आकडा. मग एमएम. आणि पुन्हा आकडे.

खाऱ्या पाण्याने रंग उडालेला असला तरी नोंदणीचा हा नंबर वाचता येतो, नव्हे, वाचता यायलाच हवा. पहिली तीन अक्षरं देशाची, पुढची दोन राज्याची. त्यानंतरचा आकडा नोंदणी कुठे झाली त्याचा, आणि शेवटी त्या नौकेचा अनुक्रमांक. मधली दोन अक्षरं मात्र नीट बघा. एमएम म्हणजे यांत्रिकी नौका, पोटात इंजिन बसवलेली. एमओ म्हणजे मोटर लावलेली. बहुतेक वेळा मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं इंजिन, म्हणजे आऊटबोर्ड. आणि एनएम म्हणजे बिगर यांत्रिकी. वल्हं, शीड आणि माणसाचे दंड.

(पावसाळा. किनाऱ्यावर ओढलेले ट्रॉलर. मागे खाडीत एक वल्ह्याची होडी.)

१ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या समुद्रात इंजिनाच्या नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. बिगर यांत्रिकी होडीला ही बंदी लागू नाही. म्हणजे पावसाळ्याचे दोन महिने घरात मासळीचा पैसा येणार की नाही, हे या दोन अक्षरांवर ठरतं. एनएम होडीला आऊटबोर्ड लावलं की ती एनएम राहत नाही, हे होडी चालवणाऱ्या तांडेलालाही ठाऊक असतं आणि परवाना अधिकाऱ्यालाही. जुलैमध्ये अशा एखाद्या होडीच्या मागच्या फळीवर इंजिन आवळणाऱ्या क्लॅम्पचे ताजे वळ दिसले, तर फार प्रश्न विचारावे लागत नाहीत.

नोंदणी म्हणजे नुसता दंडाचा धाक नव्हे. डिझेलवरच्या कराचा परतावा, बँकेचं कर्ज, विमा, वादळात होडी फुटली तर मिळणारी भरपाई, सगळीकडे पहिला कागद हाच मागतात. आता अर्ज रिअलक्राफ्ट नावाच्या सरकारी पोर्टलवर करायचा असतो. नवी फायबरची होडी असेल तर बांधणाऱ्याचं बिल असतं, इंजिनाची पावती असते. आज्याने फणसाच्या नाहीतर आंब्याच्या लाकडातून करून घेतलेल्या होडीचं बिल कुठून आणायचं, हा प्रश्न ज्याच्या वाट्याला येतो त्यालाच कळतो.

(जुनी छायाचित्रं. कफ परेड, मुंबई. मच्छीमार नगर.)

हा असा, देशभर एकाच साच्यातला नंबर फार जुना नाही. मासेमारी नौकांची नोंदणी आधीही होत होती. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात १९८३ साली त्यांच्यासाठी वेगळा भागच घातला गेला. पण प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी, आणि लहान होड्यांकडे फारसं कुणी बघत नव्हतं.

मग २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आली. दहा दहशतवादी भर समुद्रात कुबेर नावाच्या मासेमारी नौकेवर चढले होते. खलाशांना त्यांनी ठार केलं आणि त्याच नौकेतून ते मुंबईजवळ आले. कुबेर बेवारस नव्हती, पोरबंदरची होती. दुरून बघणाऱ्याला तिच्यात वावगं काही दिसलं नसतं. शेवटचं अंतर त्यांनी रबरी होडीतून कापलं आणि मच्छीमार नगराच्या किनाऱ्याला ते उतरले. तिथल्या कोळी मंडळींनी त्यांना हटकलं, विचारलं. त्या संध्याकाळी समुद्राच्या बाजूने विचारपूस करणारे तेवढेच होते.

त्यानंतर चक्रं फिरली. सगळ्या किनाऱ्याला एकसारखे नंबर, मच्छीमारांना ओळखपत्रं, वीस मीटरहून लांब नौकांना आपला ठावठिकाणा सांगणारं एआयएस यंत्र. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर, म्हणजे ठिकाण आणि संदेश कळवणारी यंत्रं, बसवण्याच्या योजनेचा आरंभ केला. खरं तर १९९३ च्या बॉम्बस्फोटांआधी रायगडमध्ये शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं समुद्रातूनच उतरली होती. होडीच्या कागदाकडे गांभीर्याने बघायला आणखी पंधरा वर्षं आणि दुसरा हल्ला लागला. हे रागाने म्हणत नाही. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की तेवढंच दिसतं.

(हरिहरेश्वरचा किनारा.)

आणखी एक तारीख, १८ ऑगस्ट २०२२. हरिहरेश्वरजवळ एक बोट वाहत आली. आत माणूस नाही, मात्र तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. दहीहंडी दुसऱ्या दिवशी, गणपती तोंडावर. रायगडभर नाकाबंदी झाली. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला : बोटीचं नाव लेडी हान, मालकीण ऑस्ट्रेलियन. जून महिन्यात मस्कतकडून युरोपला जाताना इंजिन बिघडलं, माणसांची सुटका झाली, बोट मात्र तशीच सोडावी लागली, ती वाहत कोकणात आली. तिला नाव होतं, मालकाची नोंद होती, शस्त्रांचे क्रमांक होते, म्हणून एका दिवसात गाठ सुटली. नाहीतर त्या वर्षीच्या गणेशोत्सवात रायगडच्या पोलिसांना झोप मिळाली नसती.

(मालवण जेट्टी. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेली होडी.)

आता जरा कमी दिसणारी गोष्ट. मासे धरणाऱ्या होडीत माणसं बसवली की कायद्याच्या दृष्टीने ती होडी वेगळी होते. लाकूड तेच, तांडेल तोच, पाणी तेच. मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभागाचा. प्रवासी न्यायचे तर महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडून सर्व्हे आणि परवाना. हे बोर्ड १९९६ साली झालं. वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ला असे त्याचे पाच बंदर समूह. सर्व्हेला येणारा माणूस इंजिन बघतो, लाइफ जॅकेट मोजतो आणि एक आकडा लिहून देतो : या बोटीत किती माणसं. सगळ्या कागदात जीव वाचवणारा आकडा तोच, आणि सुट्टीच्या दिवशी जेट्टीवर सगळ्यात आधी विसरला जातो तोही तोच.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती. पंधरा जण दगावले. टक्कर झाली त्यात नीलकमलचा दोष नव्हता. पण तिच्या परवान्यावर ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते, आणि बोटीत शंभराहून जास्त माणसं होती, हे नंतर पुढे आलं.

(उजनी जलाशय. पलीकडचा काठ धूसर.)

समुद्रावर निदान बंदर निरीक्षक तरी असतो. धरणाच्या पाण्यावर?

उजनीच्या बॅकवॉटरमध्ये करमाळ्याच्या बाजूचं कुगाव आणि इंदापूरच्या बाजूचं कळाशी. रस्त्याने मोठा वळसा, पाण्यातून समोरासमोर. तिथली बोट म्हणजे त्या गावांची एसटी. तिच्यावर मोटारसायकलही चढते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात ती उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहत काठाला लागला.

नद्या, धरणं, खाड्या यांच्यासाठी १९१७ चा कायदा होता. त्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आणि २०२२ मध्ये लागू झाला. इंजिनाच्या बोटीला सर्व्हे, नोंदणी आणि विमा तिन्ही हवेत. पाण्याचेही तीन वर्ग केलेत, लाटांच्या उंचीवरून : दोन मीटरपर्यंत, सव्वा मीटरच्या जरा खाली, आणि साधारण दोन फूट. बिनइंजिनाच्या होड्यांचा मात्र कायद्यात वेगळा विचार आहे. त्यांची नोंद ठेवायचं काम राज्यांना जिल्हा, तालुका, गाव पातळीवर सोपवता येतं. कागदावर ही चांगली कल्पना आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या शेजारी होड्यांची वही किती गावांत उघडली गेली, ते तुमच्या गावात जाऊन तुम्हीच विचारा.

(देवबाग. कर्ली नदी. पिवळ्या, नारिंगी कयाक ओळीने.)

आणि ही कयाक. वल्ह्याने हाकायची, प्लास्टिकची, दहाबारा फुटांची, एकट्याला उचलता येईल इतकी हलकी. ना इंजिन, ना शीड, ना मासे.

हिच्या नाळेवर काही नाही. मागच्या टोकाला, प्लास्टिकमध्येच कोरलेली अक्षरं आणि आकडे दिसतील. तो कारखान्याचा क्रमांक. बोट कुणी बनवली, केव्हा बनवली ते तो सांगतो; पुष्कळ जण त्यालाच नोंदणी समजतात.

१९५८ च्या कायद्याने कयाकची मोठी मजेशीर सोय करून ठेवली होती. शिडाच्या नौकेच्या व्याख्येत त्याने वल्ह्याची होडी घेतली, कनू म्हणजे वल्ह्याची अरुंद होडीसुद्धा घेतली, आणि लगेच पुढे म्हटलं : हौसेची नौका मात्र यात येत नाही. पंधरा टनांपर्यंतची आणि फक्त भारताच्या किनाऱ्यालगत फिरणारी जहाजं तर नोंदणीतून सुटलेलीच होती. पोटासाठी वल्हं मारणारा कायद्यात, मजेसाठी मारणारा बाहेर. कयाकचं प्रकरण तिथेच मिटलं.

म्हणून महाराष्ट्राने दुसरीकडून हात घातला. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात होडीऐवजी धंद्याची नोंदणी आली. पैसे घेऊन कयाक चालवायला देणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नाव नोंदवायचं, प्रशिक्षित माणूस ठेवायचा, सुरक्षेची साधनं ठेवायची. मला हे अधिक शहाणपणाचं वाटतं. कयाकवर नंबर रंगवल्याने कुणी बुडायचा राहत नाही. काठावर दोरी घेऊन उभा असलेला माणूस उपयोगी पडतो. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून खारफुटी दाखवतात. तिथेही भरवसा असतो तो खाडी ओळखणाऱ्या त्या बायकांवर.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या काही मराठी घरांमध्ये गॅरेजात कयाक असते. तिथला संघीय कायदा मोटरच्या होडीलाच नंबर मागतो आणि बाकीचं राज्यांवर सोडतो. त्यामुळे ओहायोत कयाकचीही नोंदणी करावी लागते. मिनेसोटात बिनमोटरची होडी दहा फुटांपर्यंत असेल तर सूट, त्याहून लांब असेल तर स्टिकर. इंग्लंडमध्ये बऱ्याच नद्यांवर आणि कालव्यांवर कयाकसाठी लायसन्स लागतं.

आपल्याकडेही वारं बदलतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला. त्यात नौकेची व्याख्या पसरट आहे, हौसेच्या नौका नाव घेऊन आत घेतल्या आहेत, आणि इंजिन असो-नसो, वजन कितीही असो, नोंदणी हा नियम ठरवला आहे. सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. ती सूट कुठे थांबते यावर देवबागच्या पोराने कर्ज काढून घेतलेल्या कयाकचं भवितव्य अवलंबून आहे. सूट हवी, असं माझं मत. त्याला सरकारी खिडकीपुढे उभं करायचंच असेल तर जीवरक्षकाच्या प्रमाणपत्रासाठी करा.

(कर्लीचं मुख. ओहोटी.)

तेव्हा इथे कयाक भाड्याने घेताना नंबर शोधू नका. मालकाकडे धंद्याचं नोंदणीपत्र आहे का, ते विचारा. लाइफ जॅकेटचे सगळे बक्कल लागतात का, ते स्वतः लावून बघा. २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात. त्या काळात कुणी गुपचूप नेतो म्हणाला तर जाऊ नका. आणि ओहोटी लागली की कर्लीचं पाणी देवबागच्या मुखातून समुद्राकडे ओढतं. त्या वेळी समोर आलेलं भाडं सोडून जो मालक नाही म्हणेल, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडेच जा.