मोंतार्जीची मालकीण: फेराराची डचेस रेने

फ्रान्समधलं ब्लुआ. २५ ऑक्टोबर १५१०. राजा बाराव्या लुईला दुसरी मुलगी झाली. वाट मुलाची पाहिली जात होती, कारण सॅलिक कायद्यानुसार मुलीला फ्रान्सची गादी मिळत नसे. मुलीचं नाव ठेवलं रेने.

तिची आई ॲन ही ब्रिटनीची, म्हणजे फ्रान्सच्या वायव्येकडच्या तेव्हाच्या वेगळ्या राज्याची वारस. ब्रिटनी धाकटीला मिळावी, अशी तिची फार इच्छा होती. पण रेने तीन वर्षांची असताना आई गेली, वर्षभरात वडीलही गेले. थोरल्या बहिणीचा नवरा पहिला फ्रान्सिस राजा झाला आणि ब्रिटनी फ्रान्समध्ये कायमची सामावली गेली. लग्नात रेनेने हक्क सोडले. बदल्यात हाती आली शार्त्रची जहागीर आणि पॅरिसच्या दक्षिणेचं एक गाव, मोंतार्जी.

२८ जून १५२८. पॅरिसमध्ये सतरा वर्षांच्या रेनेचं लग्न लागलं. नवरा एर्कोले, इटलीतल्या फेराराच्या एस्ते घराण्याचा वारस. त्याची आई लुक्रेत्सिया बोर्जिया, म्हणजे सहाव्या अलेक्झांडर पोपची मुलगी. फेराराचं राज्यच पोपकडून मिळालेलं होतं. पोपची मर्जी फिरली तर सगळंच धोक्यात.

लाल विटांचा, चार बुरुजांचा, पाण्याच्या खंदकातला हा फेराराचा किल्ला. रेनेने इथे आपली फ्रेंच माणसं सांभाळली. त्यांच्या खर्चावरून नवऱ्याशी सतत खटके उडत. त्यातच तिच्या आश्रयाला येऊ लागले रोमच्या चर्चला नकोसे झालेले लोक. १५३५ मध्ये कवी क्लेमाँ मारो आला. १५३६ मध्ये खोट्या नावाने जॉन कॅल्विन आला, रोमच्या कॅथलिक चर्चविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रोटेस्टंट पंथाचा धर्मोपदेशक. त्याच वर्षी गुड फ्रायडेला चर्चमध्ये क्रुसाचं पूजन चालू असताना तिच्या पदरचा एक गायक सर्वांदेखत उठून बाहेर गेला. धरपकड झाली. रेनेच्या पदरी नव्या पंथाची माणसं आहेत, ही लपलेली गोष्ट चव्हाट्यावर आली.

पाच मुलं झाली. थोरल्या आन्नासोबत शिकायला ओलिंपिया मोराता नावाची हुशार मुलगी ठेवली होती. दोघी मिळून ग्रीक आणि लॅटिन शिकल्या.

१५५४ मध्ये फ्रान्सच्या राजाने मात्यू ओरी नावाचा धर्मपरीक्षक पाठवला. हा राजा तिचा भाचाच, दुसरा हेन्री. कॅथलिक वाटेवर परतायला रेने बधेना. मग सप्टेंबरात एर्कोलेने तिला नजरकैदेत टाकलं आणि मुलींना तिच्यापासून तोडून मठात पाठवलं. काही दिवसांतच रेनेने पाद्र्यासमोर कबुलीजबाब दिला, मासला, म्हणजे कॅथलिक उपासनेला हजर राहिली. कॅल्विनला याचं फार दुःख झालं. पण मुली हिरावलेल्या बाईला दुर्बळ म्हणायला निदान आमची जीभ रेटत नाही.

इटलीतल्या मोहिमेतून फाटक्या अंगाने परतणारे फ्रेंच सैनिक फेराराला येत, तेव्हा ती त्यांना पोटभर जेवू घाली, वाटखर्चाला पैसे देई. कारभाऱ्यांनी खर्चाची कुरकुर केली, तेव्हा ती म्हणाली, असं सांगतात, की देवाने मला दाढी दिली असती तर आज ही सगळी माझी प्रजा असती.

१५५९ मध्ये एर्कोले वारला. नवा ड्यूक, तिचाच मुलगा अल्फोन्सो, त्याने आईपुढे पर्याय ठेवला: कॅथलिक म्हणून राहा, नाहीतर फेरारा सोडा. १५६० मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, बत्तीस वर्षांच्या संसारानंतर ती फ्रान्सला निघाली. मोंतार्जीला.

तो वाडा आज जवळपास उरलेला नाही. पण तिच्याकडे काम करणारा वास्तुकार द्यु सेर्सो याची रेखाटनं शिल्लक आहेत. नीट पाहा: मधोमध गोल बुरूज, एका बाजूला भलंमोठं दालन, त्याला लागून चढत जाणारा जिना, बाहेर अर्धवर्तुळात आखलेल्या बागा. १५६२ मध्ये फ्रान्समध्ये धर्मयुद्ध पेटलं आणि याच भिंतींच्या आत शेकडो ह्युगेनॉ, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट कुटुंबं येऊन राहिली. आयुष्यात पहिल्यांदा दाराची किल्ली रेनेच्या स्वतःच्या हातात होती, आणि तिने दार उघडं ठेवलं.

कॅथलिकांचा सेनापती होता गीझचा ड्यूक, म्हणजे आन्नाचा नवरा. सख्खा जावई! त्याच्या मालिकोर्न नावाच्या सरदाराने तोफा लावण्याची धमकी दिली. रेनेने निरोप धाडला, की तटाला खिंडार पडलं तर तिथे पहिली मी उभी राहीन, राजाच्या मुलीला मारायची छाती कुणाची आहे ते बघते. तोफा डागल्या गेल्या नाहीत.

फेब्रुवारी १५६३ मध्ये गीझची हत्या झाली. तिच्याच पंथाचे धर्मोपदेशक तो नरकात गेला असं म्हणू लागले, तेव्हा तिने जावयाची बाजू घेतली आणि कॅल्विनला तसं स्पष्ट लिहिलं. एप्रिल १५६४ मध्ये कॅल्विनने मरणशय्येवरून, दुसऱ्याच्या हातून लिहवून घेतलेल्या शेवटच्या पत्रांपैकी एक तिलाच आहे.

१५६९ मध्ये मात्र राजाज्ञेपुढे तिचा इलाज चालला नाही. साडेचारशेच्या वर माणसं, त्यांत बायका-मुलंच जास्त, तिला बाहेर काढावी लागली. तिने गाड्या जुंपल्या, घोडे दिले, शिदोरी बांधून दिली.

ऑगस्ट १५७२ मध्ये पॅरिसला ह्युगेनॉंची कत्तल झाली, त्या रात्री ती तिथेच होती. कत्तलीच्या सूत्रधारांपैकी एक होता तिचा नातू, हेन्री द गीझ. त्याच्याच पहाऱ्यात ती वाचली. मोंतार्जीला परतली आणि दोन-तीन वर्षांत तिथेच वारली.

अल्फोन्सो १५९७ मध्ये निपुत्रिक गेला. ज्या पोपच्या धाकाने एस्ते घराण्याने रेनेला वाकवलं, त्या पोपच्या गादीने १५९८ मध्ये फेरारा ताब्यात घेतलं.