बापाच्या वाटेने निघालेला सीओडोर

नमस्कार मंडळी. आमच्या बेळगाव तालुक्यातील गावांत पारायणाचा सप्ताह बसला, की रोज नवा कीर्तनकार येतो आणि नवा अभंग निरूपणाला घेतो. मधल्याच एखाद्या दिवशी जाऊन बसले तरी चालते. मात्र काल्याचा खरा रंग चढतो तो सगळे दिवस बसलेल्यांनाच. ‘फायनल फँटसी फोर: द आफ्टर इयर्स’ या व्हिडिओ गेमची बांधणी मला तशीच वाटते.

मूळ खेळ १९९१ साली निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रावर आला. त्याचा हा पुढचा भाग २००८ मध्ये जपानमधील मोबाइल फोनवर एकेक प्रकरण करून निघाला आणि २००९ मध्ये निन्टेन्डोच्या वी या यंत्रावर आला, तेव्हाही पुढच्या प्रकरणांसाठी वेगळे पैसे मोजावे लागत.

कथा सतरा वर्षांनंतरची आहे. मूळ खेळाचा नायक सेसिल आता बॅरन या राज्याचा राजा आहे, रोझा राणी आहे आणि त्यांचा मुलगा सीओडोर ‘रेड विंग्ज’ या हवाई दलात नुकताच दाखल झाला आहे. सरदारकीच्या परीक्षेच्या मोहिमेवर राक्षस त्यांच्यावर तुटून पडतात, सोबती मारले जातात आणि एकट्या उरलेल्या या पोराला एका बुरखाधारी अनोळखी माणसाच्या सोबतीने घरची वाट धरावी लागते. वर आकाशात दुसरा चंद्र दिसू लागलेला असतो; खेळाच्या जपानी नावाचा अर्थही ‘चंद्राचे पुनरागमन’ असाच आहे.

यांग आणि त्याची मुलगी अर्सुला यांचे प्रकरण आपल्याकडे विशेष भावावे. यांग हातापायांनी लढणारा योद्धा, आता राजा झालेला. मुलीने मात्र राजकन्येसारखे राहावे असे त्याला वाटते आणि ती ही लढाईची विद्या शिकण्याचा हट्ट सोडत नाही. बेळगावच्या तालमींत अंगाला लाल माती लागलेल्या कोणालाही हा वस्ताद ओळखीचा वाटेल.

आता चंद्राविषयी. मेनूत चंद्राची कला दिसते आणि ती जशी बदलेल, तसा हत्यारांचा मार, काळी जादू, पांढरी जादू आणि पात्रांची खास कौशल्ये यांचा जोर कमीजास्त होतो, शत्रूचाही होतो. तंबूत झोपले की चंद्र पुढे सरकतो. त्यामुळे मोठ्या राक्षसाला भिडण्याआधी, सगळे धडधाकट असतानाही, केवळ तिथी बदलावी म्हणून मी तंबू खर्ची घातले आहेत. पौर्णिमा पाहून सौंदत्तीला निघणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

दोष सांगायलाच हवा. बहुतेक गुहा, किल्ले आणि डोंगर मूळ खेळातलेच आहेत, त्यामुळे सलग खेळणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात कंटाळा गाठतो: पात्रे पुन्हा कच्ची आणि बोगदे पुन्हा तेच. सीओडोरच्या बाबतीत मात्र हे मला खटकत नाही, कारण बाप जिथून गेला तिथूनच मुलगा चाललेला असतो आणि ती जागा त्याच्यापेक्षा आपल्या अधिक ओळखीची असते.

शेवटच्या प्रकरणात आधीच्या प्रकरणांचे सेव्ह, म्हणजे जतन केलेले खेळ, एकत्र येतात, तेव्हा ज्याला जेवढे वाढवले असेल तेवढाच तो पुढे उपयोगी पडतो. ‘बँड’ नावाचे संयुक्त डाव तर ठरावीक पात्रे सोबत असल्याशिवाय टाकताच येत नाहीत.

वीचे ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले. २०१३ ची मोबाइल आवृत्ती आणि २०१५ ची स्टीम या संगणकखेळांच्या ऑनलाइन दुकानावरील आवृत्ती यांत सगळी प्रकरणे एकत्र आहेत. तरीही एका आठवड्यात एकच प्रकरण खेळावे, असे मी सुचवेन. पहिला सीओडोर, दुसऱ्या आठवड्याला मी यांगला ठेवले होते.