टॅपेट वाजतोय तोवर ठीक आहे

(सकाळची वेळ. बॉनेट उघडं. सेल्फ फिरतो, इंजिन धरतं.)

ऐका. टक-टक-टक-टक. अ‍ॅक्सिलरेटर दिला की वेग वाढतो, सोडला की खाली येतो. शिवणयंत्र चालावं तसा लयीतला आवाज. जुन्या गाडीत दोन-चार वर्षं काढलेल्या माणसाला विचारा, तो डोळे मिटून सांगेल, टॅपेट (इंजिनाच्या झडपा उघडणारा छोटा दट्ट्या) वाजतोय.

सांगायला सोपं आहे. पण बॉनेटखाली टकटक करणाऱ्या गोष्टी अर्धा डझन असतात आणि प्रत्येकीचा खर्च वेगळा. काही ठिकाणी शंभर रुपयांचं पॅकिंग पुरतं, काही ठिकाणी अख्खं इंजिन उतरवावं लागतं.

(कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगरातला रस्ता. लेथचा आवाज.)

आपण कोल्हापुरात आहोत, शिवाजी उद्यमनगरात. इथे इंजिनाचं कुठलंही काम अडत नाही. एका गल्लीत ओतकाम होतं, दुसरीत लेथ फिरतात, तिसरीत क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) घासून मिळतो. त्यातल्याच एका गॅरेजात ही प्रीमियर पद्मिनी रात्रभर उभी होती. टॅपेटचं काम थंड इंजिनावर करायचं म्हणून मिस्त्रींनी ती आदल्या दिवशीच ठेवून घेतली.

ही गाडी आपल्या मातीतली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. तिथे फियाट 1100 तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळीपिवळी म्हणजे हीच गाडी. या टॅक्सीसाठी मुंबईत वीस वर्षांची मर्यादा होती, त्यामुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून उतरली. खासगी गाड्या मात्र अजून फिरतात, आणि नीट ठेवल्या तर छान फिरतात.

इंजिनाचं वय तर गाडीहून जास्त. 68 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 75 चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 1089 सीसी. हे माप फियाटने 1937 सालच्या गाडीत आणलं होतं. एवढ्या जुन्या आराखड्याचं इंजिन विसावं शतक संपेपर्यंत कुर्ल्यात बनत राहिलं, यावर हसायचं की कौतुक करायचं ते तुम्ही ठरवा. मी कौतुक करतो. कारण ते उघडलं की सगळं डोळ्यांना दिसतं.

(टॅपेट कव्हर निघतं. रॉकरची रांग.)

कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा, खाली ब्लॉकमध्ये, इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात. त्याच्या उंचवट्यावर टॅपेट बसलेला. टॅपेटमध्ये पुश रॉड उभा. तो वर आला की रॉकरचं, म्हणजे वरच्या झुलत्या पट्टीचं, एक टोक उचलतं, दुसरं टोक व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, दाबतं. स्प्रिंग व्हॉल्व्हला परत ओढून बंद करते. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे इंजिन 800 आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 400 वेळा उघडतो. आठांचे मिळून 3200 ठोके, तेही गाडी जागेवर उभी असताना.

रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. तापलं की धातू लांबतो, त्याला जागा हवी. ही फट मोजून बसवणं म्हणजे टॅपेट सेट करणं. ही फट वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो, आणि तोच आपला टकटक.

(मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात, मूठ कानाला.)

मिस्त्री लगेच पाना हातात घेत नाहीत, आधी ऐकतात. स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला लावून टोक एकेका जागी टेकवायचं. स्टेथोस्कोप मिळतो बाजारात, पण इथे कुणी वापरत नाही. पद्मिनीचा पेट्रोल पंपही कॅमवरच चालतो आणि तोही टॅपेटच्याच तालात वाजतो, म्हणून आधी तिथे टेकवून तो निकालात काढला. मग पुढची बाजू. तिथून खळखळ आली तर टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी, सैल. मग एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरमधला धूर गोळा करणारा नळ. त्याचं पॅकिंग फुटलं असेल तर थंडीत हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते आणि लोखंड तापून फुगलं की बंद होते. या एका पॅकिंगपायी लोकांनी टॅपेट तीन-तीनदा सेट करून घेतल्याची उदाहरणं प्रत्येक गॅरेजात सापडतील.

यानंतरची तपासणी महत्त्वाची. एकेका प्लगची वायर काढून पाहायची. त्या सिलिंडरचा स्फोट थांबला आणि आवाज दबला, तर दुखणं खाली आहे, बिग एंडच्या (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या) बेअरिंगमध्ये किंवा पिस्टनमध्ये. तो ठोका जाड असतो, ठक-ठक, आणि चढाला वाढतो. वायर काढूनही टकटक जशीच्या तशी राहिली तर दुखणं वरचं. इथे फरक पडला नाही. मालक काकांच्या चेहऱ्यावर मात्र पडला. इंजिन काम निघतंय की काय, या धास्तीने ते आठवडाभर गाडी चालवत नव्हते.

(रॉकर हलताना अगदी जवळून. फिलर गेजची पाती.)

आता इंजिन चालू ठेवूनच फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापाची, पातळ पाती एकेका रॉकरखाली सरकवतात. तेल उडतं, हात सांभाळावा लागतो. ज्या रॉकरखाली पाती गेल्यावर आवाज थांबेल, तो गुन्हेगार. पहिला सिलिंडर, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याच्या इनटेकला, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला, पाती गेली आणि टकटक निम्मी झाली.

निम्मीच झाली. पूर्ण का गेली नाही?

इंजिन बंद करून मिस्त्रींनी रॉकरच्या तोंडावरून नख फिरवलं. नख अडकलं. लाखो वेळा एकाच जागी आपटून तिथे बारीक खळगा पडलेला. फिलर गेजची पाती सपाट असते, ती खळग्याच्या दोन कडांवर पूल बांधते. पाती म्हणते 0.15 मिलिमीटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत सहा थाऊ, इंचाचे सहा हजारांश. पण व्हॉल्व्हचं टोक खळग्यात शिरतं, त्यामुळे खरी फट त्याहून मोठी. अशी गाडी कितीही वेळा सेट करा, संध्याकाळपर्यंत वाजणारच. आणि वैतागून कुणी गॅप अजून घट्ट केला, तर आवाज जाईल आणि दुसरंच काहीतरी सुरू होईल. त्याकडे येतोच.

रॉकर ज्यावर झुलतात तो शाफ्ट उतरवायचा ठरला. आधी फट बसवायचे सगळे स्क्रू सैल केले, मग शाफ्टचे नट थोडे थोडे, आळीपाळीने. एका बाजूचा एकदम काढला तर स्प्रिंगच्या जोराने शाफ्ट वाकतो. पुश रॉड उपसताना आधी जागेवर फिरवून सोडवतात, नाहीतर तेलाच्या चिकटीने टॅपेटही सोबत वर येतो आणि भलतीकडे पडतो. निघालेले आठही रॉड एका पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचले. ज्याचा रॉड त्यालाच परत. काचेवर लोळवून पाहिले, एकही वाकलेला नव्हता.

शाफ्टला वरून हात लावला तर गुळगुळीत. उलटा केला तर खालच्या अंगाला पायरी. बरोबर आहे. एकीकडून पुश रॉड आणि दुसरीकडून स्प्रिंग, दोघंही रॉकरला वर रेटतात, म्हणून रॉकर शाफ्टला नेहमी खालून घासतो. शाफ्टमधली तेलाची भोकं काळ्या चिखलाने अर्धी बुजलेली. तिसऱ्या सिलिंडरजवळचं तर पूर्णच.

(रॉकेलचं ताट. तार भोकातून आरपार.)

खळगा, पायरी, टकटक, सगळ्याचं मूळ इथे होतं. तेल पोचत नव्हतं. गाडी रोज दोन किलोमीटर जायची आणि यायची, इंजिन नीट तापायचंच नाही. आत दमट वाफ धरते, तेलाचा चिखल होतो. त्यातून मागे कुणीतरी आवाज दबावा म्हणून घट्ट तेल ओतलेलं. जुनी गाडी विकायला काढताना हा उद्योग सर्रास चालतो. महिनाभर आवाज लपतो, आणि घट्ट तेल बारीक भोकांतून पोचायला आणखी वेळ घेतं.

शाफ्ट नवा घातला. रॉकरचे बुश, म्हणजे शाफ्टवर फिरणाऱ्या आतल्या कड्या, शेजारच्या लेथवर बदलून आले. बुश ठोकताना त्याचं भोक रॉकरच्या तेलाच्या भोकासमोरच आलं पाहिजे. तिरकं बसलं की नव्या बुशलाही तेल मिळत नाही. खळगा पडलेला रॉकर मिस्त्रींनी उजेडाकडे धरला, बोटाने चाचपला आणि बाजूला टाकला. खळगा उथळ असता तर गोलाई सांभाळून घासता आला असता. पण वरचा कडक थर पातळ असतो, तो संपला की आतलं मऊ लोखंड आठवड्यात झिजतं. जुन्या मालातून चांगला रॉकर शोधून बसवला.

आता सेटिंग. प्लग काढलेले, गाडी टॉप गिअरमध्ये. मदतनीस पोरगा ती इंच-इंच ढकलतो, त्यासरशी इंजिन फिरतं. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर एकदम हलले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की थांब. त्या क्षणी पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद. पहिला सेट करा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, एक-तीन-चार-दोन. म्हणून पुढे दुसरा हलला की तिसरा, पहिला हलला की चौथा, तिसरा हलला की दुसरा. पाती ओढताना किंचित अडली पाहिजे, चेक नट (स्क्रू जागी धरणारा नट) आवळताना स्क्रू जरासा फिरतो, म्हणून आवळल्यावर परत तपासायचं. किती थाऊ ते गाडीच्या पुस्तकात असतं, गॅरेजातल्या गप्पांवर जाऊ नये.

पहिला झाला. तिसरा झाला. चौथा झाला. दुसऱ्याच्या एक्झॉस्टला, म्हणजे धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला, मिस्त्री थांबले. शाफ्ट उतरवण्यापूर्वीची प्रत्येक फटीची स्थिती त्यांनी खडूने टिपून ठेवली होती. तिथे लिहिलं होतं शून्य. सगळ्यात पातळ पातीही शिरली नव्हती.

काका म्हणाले, "पण तो तर वाजत नव्हता, मिस्त्री."

"वाजतोय तो बरा हो काका. गप्प बसलाय त्यालाच आधी बघायला पाहिजे."

रॉकर झिजला, शाफ्ट झिजला, तर फट वाढते आणि आवाज येतो. पण व्हॉल्व्ह ज्या सीटवर बसतो ती झिजली, तर उलटं घडतं. व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, आत रुततो, त्याचं वरचं टोक रॉकरकडे सरकतं आणि फट मिटते. इंजिन शांत होतं. मालक खूश होतो. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, जळता वायू त्या चिरेतून निसटतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतांश उष्णता सीटला टेकूनच उतरवतो. टेकणंच बंद झालं तर कड जळते.

जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याचा पातळ थर सीटला सांभाळायचा. फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. हवेसाठी आणि लहान मुलांसाठी ते झालं ते उत्तमच, पण जुन्या सीट उघड्या पडल्या. त्यावर गॅस किट बसवलं की झीज आणखी वाढते, गॅस कोरडा. या गाडीला काही वर्षं एलपीजी होता.

(कॉम्प्रेशन गेज. सुई चढते.)

नीट फट ठेवल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाहिलं. दुसऱ्याची सुई बाकी तिघांच्या जवळपास चढली. व्हॉल्व्ह वाचला. नसती चढली तर प्लगच्या भोकातून हवा भरून ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक. मग हेड उतरवायचं, सीट कापायची, व्हॉल्व्ह घासायचा, आणि खर्च चौपट.

(इंजिन चालू. कव्हर बसवलेलं, कॉर्कचं नवं पॅकिंग.)

टिकटिक आहे, पण बारीक, आठांची सारखी. काकांना अजून थोडी कमी हवी होती. मिस्त्रींनी नकार दिला आणि हात पुसले. हजार किलोमीटर झाले की थंड गाडी घेऊन या, दुसऱ्याचा एक्झॉस्ट परत मोजू. फट तेवढीच राहिली तर चालवा बिनघोर. कमी झाली असेल तर सीट अजून रुततेय, मग हेड काढून सीटची नवी रिंग ठोकावी लागेल, आणि ते काम पावसाळ्याआधी करून घेऊ.